पहिला अर्धा तास

केबल तोडायची असं मी ठरवलं तेव्हा ती नेमकी कुठे तोडायची असते हे मला माहीत नव्हतं. पण मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाने तपशिलात शिरू नये, असं माझं मत आहे. तपशिलात माझी बायको शिरते आणि मग तिथून मला हाका मारते.

निमित्त साधंच होतं. आमच्या टीव्हीवरचं चित्र मधेच गोठायचं. बातम्या सांगणारी बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून तीन-तीन मिनिटं आमच्याकडे बघत बसायची, आणि आम्हीही पुढे काय झालं असेल या काळजीने तिच्याकडे बघत बसायचो. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, "काका, बॉक्स बंद करून चालू करा." या गृहस्थाच्या डोक्यावर औषधालाही काळा केस नाही, आणि हा मला काका म्हणतो. अकरा वेळा मी बॉक्स बंद करून चालू केला आणि अकरा वेळा काका झालो. त्यात ऑफिसमध्ये डबा खाताना हिशेबनिसाने, "तुमच्याकडे अजून केबल आहे?" असं विचारलं. ज्या सुरात विचारलं, त्या सुरात माणूस "तुमच्याकडे अजून कंदील आहे?" असं विचारतो. डबा मी अर्धा सोडला.

तरी खरं कारण यातलं एकही नव्हतं. खरं कारण होतं आई-बाबा.

आमच्याकडे जेवणं साडेआठला उरकतात आणि सिनेमा आठला लागतो. जेवणं आधी होत नाहीत, कारण बाबा संध्याकाळची फेरी मारून उशिरा येतात; आणि सिनेमा नंतर लागत नाही, कारण तो लावणाऱ्यांशी आमची ओळख नाही. त्यामुळे आई-बाबांनी कित्येक वर्षांत एकही सिनेमा पहिल्यापासून पाहिलेला नाही. आई हात पुसत येऊन खुर्चीत बसते, पडद्यावर कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवत असतो, आणि आई विचारते, "याने त्याला का हो मारलं?" मग बाबा चष्मा सारखा करतात आणि हुकलेला अर्धा तास तिला सांगतात. आता, बाबाही तिच्याबरोबर त्याच क्षणी येऊन बसलेले असतात. पण ते त्यांच्या आड येत नाही.

"हा मिशीवाला आहे ना, हा मुळात घड्याळं दुरुस्त करणारा. त्या टकल्याच्या वडिलांचं घड्याळ याच्याकडे आलं होतं. उघडून बघतो तर आत चिठ्ठी."

"घड्याळात चिठ्ठी मावेल का?" आई म्हणते.

"भिंतीवरचं होतं."

"भिंतीवरचं घड्याळ काढून कोण घेऊन जाईल दुकानात? दुरुस्तीवाल्यालाच घरी बोलावतील."

"बोलावलंच होतं. तिथेच तर त्याने त्या निळ्या साडीवालीला पहिल्यांदा पाहिलं."

असं दोघांचं जुंपायचं. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते जाहिरातींच्या वेळात ठरायचं. सिनेमा संपला तरी कधीकधी ठरायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी निकाल लागायचा.

मला त्यांची फार दया यायची. जन्मभर राबलेली दोन माणसं, आणि एका धड सुरुवातीला पारखी! इंटरनेटवरच्या नव्या सोयीत सिनेमा आपण लावू तेव्हा पहिल्यापासून लागतो, हे मला कळलं त्याच दिवशी मी ठरवलं की आई-बाबांना सुरुवाती द्यायच्या. हव्या तेवढ्या द्यायच्या. आरशात बघताना मला त्या दिवशी स्वतःत थोडा श्रावणबाळ दिसला.

मी हा बेत समोरच्या दारातल्या काकांना सांगितला, ही पहिली चूक. त्यांना अख्ख्या बिल्डिंगमध्ये 'अनुभवी' म्हणतात, कारण लग्न जमवण्यापासून गळक्या नळापर्यंत त्यांचं प्रत्येक मत "अनुभवाने सांगतो" या शब्दांनी सुरू होतं.

"अनुभवाने सांगतो," ते म्हणाले, "केबल सुरू करायला एक फोन लागतो. बंद करायला अख्खा माणूस लागतो."

"तुम्ही कधी बंद केली होती?"

"मी कशाला करू? माझी छान चाललीय."

केबलचं ऑफिस म्हणजे दोन दुकानांच्या मधली एक चिंचोळी खोली. एक टेबल, एक संगणक, आणि भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले मेलेले बॉक्स. टेबलामागच्या कारकुनाने आमचा नंबर टाकला, पडदा वाचला आणि मला सांगितलं की हे कनेक्शन माझं नाहीच. ते होतं ज्यांनी आम्हाला फ्लॅट विकला त्यांच्या नावावर.

"बंद करायचं तर त्यांनी स्वतः यायला हवं."

"ते कुठे असतात तेसुद्धा मला माहीत नाही हो."

"मग नाही होणार. तुम्ही आमचे ग्राहकच नाही."

"मग गेली नऊ वर्षं मी कोण होतो?"

"ते आम्ही कसं सांगणार?" तो शांतपणे म्हणाला.

बरीच घासाघीस झाल्यावर मार्ग निघाला. कनेक्शन सोडायचं तर आधी ते माझ्या नावावर व्हायला हवं. म्हणजे इथून बाहेर पडण्यासाठी मला आधी रीतसर आत यायचं होतं. मी नव्या ग्राहकाचा अर्ज भरला, फोटो चिकटवला, चार ठिकाणी सह्या केल्या. लगेच मोबाइलवर निरोप आला : आमच्या कुटुंबात आपले मनःपूर्वक स्वागत! तो वाचून होतो न होतो तोच कारकुनाने बंद करण्याचा अर्ज पुढे सरकवला.

त्यात कारणाचा रकाना होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आई-वडिलांना सिनेमे पहिल्यापासून दाखवणे.' कारकुनाने ते दोनदा वाचलं.

"हे सिस्टिम घेत नाही. सिस्टिममध्ये दोनच कारणं आहेत. स्थलांतर, नाहीतर ग्राहकाचे निधन. स्थलांतराला नव्या पत्त्याचा पुरावा लागतो."

"आणि निधनाला?"

"त्याला सध्या काही मागत नाहीत. घाई असेल तर निधन टाकतो. लगेच होतं."

माझ्या मागे रांग होती. रांगेतल्या एका बाईंनी "टाका हो, आम्हालाही घरी जायचंय," असं म्हटलं. कोंडीत सापडलेला मध्यमवर्गीय माणूस रांगेपुढे नेहमीच मान तुकवतो. मी म्हटलं, "टाका." अशा रीतीने मी एकाच खुर्चीत बसून वीस मिनिटांत त्यांच्या कुटुंबात आलो आणि वारलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये फोन आला. पलीकडे एका बाईचा अत्यंत मायाळू आवाज होता. तिने माझंच नाव घेऊन त्यांच्या निधनाबद्दल कंपनीला फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"जवळचा," मी म्हटलं.

"त्यांच्या काही तक्रारी राहिल्या होत्या का?"

"अकरा."

"त्या आता बंद करू ना?"

मी हो म्हटलं. ती "काळजी घ्या," म्हणाली. खरं सांगायचं तर त्या कंपनीतलं कुणी नऊ वर्षांत माझ्याशी इतकं प्रेमाने बोललं नव्हतं. मी रुमालाने डोळे पुसले, आणि समोरच्या हिशेबनिसाने कोण गेलं म्हणून विचारलं.

राहिली होती फक्त वायर. ती तुमची तुम्ही काढून टाका, असं कारकून म्हणाला होता. रविवारी सकाळी मी पक्कड आणायला समोर गेलो. आमच्या बिल्डिंगमध्ये पक्कड मालकाशिवाय मिळत नाही, तेव्हा अनुभवीही गॅलरीत आले. गच्चीवरून दोन काळ्या वायरी खाली आल्या होत्या. अगदी जुळ्या.

"अनुभवाने सांगतो, डावीकडची."

मी डावीकडची कापली. आतून आईने विचारलं, "झालं का रे?" आणि समोरच्या घरातून अनुभवींच्या पत्नीची आरोळी आली, "अहो, टीव्ही गेला!"

अनुभवींनी माझ्या हातातल्या पकडीकडे पाहिलं. "डावीकडची म्हणजे माझ्या डावीकडची," ते म्हणाले. "मी तुमच्याकडे तोंड करून उभा होतो ना."

त्यांची वायर जोडायला केबलवाला उद्या येतो म्हणाला. तो उद्या तीन आठवड्यांनी उजाडला. तोपर्यंत अनुभवी रोज संध्याकाळी काखेत स्वतःची उशी मारून आमच्याकडे टीव्ही बघायला येत होते आणि आमच्या निवडीत मोलाची भर घालत होते.

कारण आता निवड करायची होती. मला वाटलं होतं, केबलऐवजी एक काहीतरी घ्यायचं असतं. बायकोने वहीचं पान भरून यादी काढली तेव्हा कळलं की त्या सेवा डझनभर आहेत आणि एकीकडे जे आहे ते दुसरीकडे नाही, याची त्यांनी आपापसात काळजी घेतलेली आहे. एकीकडे जुने सिनेमे. एकीकडे खेळ. एकीकडे परदेशी पोलीस, जे घरात शिरल्यावर कधीही दिवा लावत नाहीत आणि टॉर्चने खून शोधतात. कुटुंबाची बैठक बसली. आई म्हणाली, "यांना चालेल ते मला चालेल." बाबा म्हणाले, "हिला विचारा." अनुभवी उशीवर रेलून म्हणाले, "अनुभवाने सांगतो, कुठलीही घ्या, पस्तावणार आहातच." शेवटी बायकोने तीन घेतल्या आणि वही मिटली.

सुरुवातीला यंत्राचं आणि बाबांचं पटेना. टीव्ही लावला की पडद्यावर प्रश्न यायचा, 'कोण बघतंय?' "मी," बाबा सांगायचे. रोज तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी ते चिडले. "घर माझं, खुर्ची माझी, आणि हा मलाच विचारतो कोण तू म्हणून! काल सांगितलं होतं की याला." मी त्यांचं स्वतंत्र खातं उघडून दिलं, पण गडबडीत ते लहान मुलांच्या गटात उघडलं गेलं. आठवडाभर त्यांना बोलणारे ट्रॅक्टर आणि शाळेत जाणारे पाणघोडे दिसत होते. त्यांनी तक्रार केली नाही. "त्यातल्या एका गाढवाचं काम चांगलं होतं," एवढंच म्हणाले. मधूनच यंत्र विचारी, 'तुम्ही अजून बघताय का?' बाबा मोठ्याने सांगत, "हो, बघतोय." दोनदा सांगून चित्र हललं नाही तेव्हा ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बहिरा आहे रे."

हे सगळं मी मार्गी लावलं, आणि मग ती संध्याकाळ आली. जेवणं झाली. मी एक सिनेमा निवडला, आई-बाबांना मानाने बसवलं आणि बटण दाबलं. पहिल्यापासून! नावंसुद्धा दिसली. कॅमेरा धरणाऱ्याच्या मदतनिसाचं नाव आई-बाबांनी जन्मात पहिल्यांदा वाचलं असेल. नायक लहान होता, मग मोठा झाला. नायिका बसस्टॉपवर भेटली. खलनायक तिचा चुलता, हे चुलत्याने स्वतःच सांगितलं. मी अधूनमधून आई-बाबांच्या चेहऱ्यांकडे आनंद शोधत होतो. दोघंही ताठ बसले होते, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसे. आईने एकदाही काही विचारलं नाही. बाबांनी चष्मा एकदाही सारखा केला नाही.

"कसा होता?" मी विचारलं.

"बरा होता," बाबा म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशी आईला कपाट आवरायचं होतं. मी हार मानणारा नव्हतो. विनोदी लावला, रहस्यमय लावला, बायकोच्या नकळत चौथी सेवा घेतली. रोज नवी कोरी सुरुवात. रोज पंधरा-वीस मिनिटांत एक खुर्ची रिकामी व्हायची आणि थोड्या वेळाने दुसरी. पुढचा सिनेमा मी आणि अनुभवी बघायचो, आणि त्यांची वायर जुळल्यावर मी एकटाच. घर फार शांत झालं होतं. सकाळच्या चहालासुद्धा बाबा पेपरात आणि आई तिच्या कामात. मला राग येत होता. एवढा मरून-बिरून मी हे उभं केलं होतं आणि कुणाला त्याची किंमत नव्हती.

शेवटी एका सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलंच, "तुम्हाला काय आवडत नाही ते तरी सांग."

"छान आहे रे सगळं," आई भांडी पुसत म्हणाली. "पण हे लोक सुरुवातीलाच सगळं सांगून टाकतात. मग यांना विचारायला काही उरतच नाही."

"अगं, पण बाबा जे सांगायचे ते..." मी घुटमळलो.

"मनाचं सांगायचे. मला माहीत नाही होय?" आईने पातेलं पालथं ठेवलं. "तुझ्या मावशीकडे राहायला गेले होते तेव्हा तो मिशीवाल्याचा सिनेमा पहिल्यापासून पाहिला की मी. घड्याळबिड्याळ काही नव्हतं त्यात. साधा वकील होता तो."

"मग बाबांना बोलली नाहीस?"

"कशाला? वकिलापेक्षा यांचा घड्याळवाला चांगला होता." तिने दुसरं भांडं पुसायला घेतलं. "दिवसभर कामाशिवाय काय बोलतो आम्ही? औषध घेतलं का, दूध आलं का. बाकी बोलणं सगळं त्या सिनेमावर व्हायचं. आता हे येऊन बसतात आणि गप्प उठून जातात. त्यांना वाटतं, आपलं काम गेलं."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना सुरुवाती दिल्या नव्हत्या, त्यांच्या हातातली एकुलती एक सुरुवात काढून घेतली होती. त्या दिवशी डबा मी पूर्ण सोडला आणि ऑफिसमधून परस्पर केबलच्या खोलीत गेलो.

"नवीन कनेक्शन हवंय," मी म्हटलं. कारकुनाने नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे वारलेत."

"अहो, मीच तो. तुम्हीच तर टाकलंत निधन."

त्याने माझं ओळखपत्र उलटसुलट तपासलं. "ओळखपत्राबद्दल शंका नाही," तो म्हणाला. "पण वारलेल्या ग्राहकाला नवीन कनेक्शन सिस्टिम देत नाही."

"बायकोच्या नावावर द्या."

"पत्ता तोच ना? तुमच्याबरोबर पत्ताही बंद झालाय."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, चौथ्या सेवेसकट. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अहो, सिनेमा पुढे सरकवता येतो की. सुरुवातच लावायची असं कुणी सांगितलंय?"

शनिवारी दुपारी आई-बाबा पडलेले असताना आम्ही चोरासारखे टीव्हीसमोर बसलो. कुणीच न पाहिलेला एक सिनेमा काढला, आवाज बंद केला आणि तो पुढे सरकवला. आपल्यालाही सुरुवात कळू नये म्हणून मी जमिनीकडे बघत बटण दाबत होतो आणि बायको बोटांच्या फटीतून फक्त वेळ वाचत होती. "सत्तावीस... तीस... बस्स, बत्तीस." तिथे थांबवलं आणि टीव्ही बंद केला.

संध्याकाळी हात धुता धुता मी बाहेरून ओरडलो, "बाबा, लवकर या! सिनेमा सुरू होऊन गेला!"

"किती झाला?" बाबांचा आवाज आला. कित्येक दिवसांत इतका ताजा आवाज आला नव्हता.

"अर्धा तास तरी!"

"अरेरे," म्हणत बाबा लगबगीने आले. पाठोपाठ आई, हात पुसत. दोघं बसले. मी टीव्ही लावला, सिनेमा उघडला. यंत्राने माझं बिंग फोडायचं ठरवलं होतं. पडद्यावर हातभर मोठ्या अक्षरांत दोन चौकटी आल्या. वरचीत लिहिलं होतं 'जिथे थांबला होतात तिथून बघा', खालचीत 'पहिल्यापासून बघा'. सुरू होऊन गेलेला सिनेमा असं विचारत नाही, हे पाणघोडे बघणाऱ्या माणसालाही कळतं. मी रिमोटवर भलतंच बटण दाबलं. चौकटी तिथेच. बायको भिंतीकडे बघू लागली.

बाबांनी त्या चौकटी वाचल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसायला घेतल्या. बराच वेळ पुसत राहिले.

आई उठली. आईने आजवर रिमोटला कधी हात लावला नव्हता. तो बाबांचा प्रांत. तिने तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि वरची चौकट दाबली. पडद्यावर लाल शर्टातला एक माणूस हातात रिकामा पिंजरा घेऊन पुलावरून पळू लागला. का पळत होता ते आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं.

आईने रिमोट टीव्हीच्या मागे ठेवून दिला, खुर्ची बाबांकडे थोडी सरकवून घेतली आणि बसली.

"हं," ती म्हणाली, "बोला."